गळा अकरा

१

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. सासऱ्यांनी वर्षभर नुसत्या चिंध्या कापायला लावल्या. दुसऱ्या वर्षी अस्तरं दिली. तिसऱ्या वर्षी एका सकाळी स्वतःच्या गळ्यातली टेप काढून माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "आजपासून मापं तू घ्यायची." माझा नवरा त्यांचा थोरला मुलगा. तो हातातला पेला तसाच धरून बघत राहिला. त्याच्या वाट्याला मशीन आलं, माझ्या वाट्याला टेप. त्याला आता एकवीस वर्षं झाली.

आमचं दुकान खाली आणि घर वर. पुढच्या खोलीला रस्त्याकडे मोठी काच, काचेपाशी कटिंगचं टेबल, त्यामागे दोन मशिनं. एकावर नवरा पँटी शिवतो, दुसऱ्यावर दीर कोट. कोपऱ्यात कपडे घालून बघायची ट्रायल रूम, म्हणजे फळ्यांचा उभा खोका, आत आरसा आणि पुढे जाड पडदा. सासऱ्यांना सगळं गाव मास्तर म्हणतं, दुकानात आम्हीही मास्तरच म्हणतो. त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून ते मापाची वही घेऊन बसतात. मी टेप लावून मोठ्याने सांगते, ते लिहितात. उंची, छाती, कंबर, सीट, खांदा, बाही, गळा. हा क्रम मोडायचा नाही. मी बोलायला लागले की मशिनं थांबायची, कारण मास्तरांना कमी ऐकू येतं. सगळं दुकान माझे आकडे ऐकत उभं राहायचं. हे मला आवडायचं, हे आधीच सांगून टाकते.

धाकटी, म्हणजे माझी जाऊ, चार वर्षांपूर्वी आली. तिच्याकडे काज-बटण आणि तुरपाई. खिडकीखालच्या स्टुलावर मान खाली घालून बसायची. हात बरा होता, पण टेप धरायची ती साप धरल्यासारखी. मी कधी शिकवलं नाही. तिने विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगायचे.

त्या मंगळवारी वकील कोटाचं माप द्यायला आले. मी त्यांच्या छातीभोवती टेप फिरवली. आकडा बघायच्या आत खिडकीखालून आवाज आला, "साडेएकोणचाळीस."

टेपेवर साडेएकोणचाळीस.

मी खांद्याला टेप लावायला गेले तर धाकटी बटणात सुई घालता घालता म्हणाली, "अठरा. पण डावा पाव इंच खाली आहे."

वकील हसले. "पाव इंच खालीच आहे बाई. लहानपणी झाडावरून पडलो होतो."

"काय गं," मी विचारलं, "कुठून बघितलंस?"

"बघितलं नाही ताई. ऐकू आलं." आणि तिने सुईचं टोक ट्रायल रूमकडे केलं.

पडदा बाजूला सारलेला होता. आत कोणी नव्हतं. आरशात वकिलांची अर्धी पाठ आणि माझा हात दिसत होता. नवरा हसला, दीर हसला, मीही हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल ओठाला लावली आणि धाकटीकडे असं पाहिलं, जसं फक्त एकदाच माझ्याकडे पाहिलं होतं.

२

त्यानंतर ती रोजच सांगायला लागली. मी टेप उलगडायची, ती आकडा सांगायची, आणि टेप तिच्या शब्दाला मान डोलावल्यासारखी तोच आकडा दाखवायची. मी माझ्यापुरती एक वेगळी वही केली. डावीकडे तिचं, उजवीकडे माझं. एकतीस माणसं झाली, एकाही ठिकाणी सुताचा फरक नाही.

मी काही देवभोळी नाही. म्हटलं, नजर असते एकेकाची. मास्तर तरुणपणी रस्त्यावरून चाललेल्या माणसाची पँट नजरेनं कापायचे म्हणतात. म्हणून एकदा मी बेकरीवालीला मागच्या दाराने आत घेतलं, वरच्या खोलीत बसवलं, आणि खाली येऊन धाकटीला म्हटलं, "वर एक बाई आल्यात. सांग बघू."

धाकटीने मान वर केली. जरा वेळ ट्रायल रूमकडे बघत राहिली. "कंबर चौतीस, सीट बेचाळीस," ती म्हणाली. "आणि ताई, एवढं लपवायला कशाला हवं? त्यांना जिना चढवलात, त्यांचे गुडघे दुखतात."

चौतीस. बेचाळीस. गुडघेही दुखत होते.

हळूहळू लोक तिला विचारायला लागले. विशेषतः बायका. टेप नाही, अंगाला हात नाही, नुसतं दारात उभं राहायचं. "धाकट्या वहिनी आहेत का?" असं विचारत यायच्या आणि मी पुढे झाले की त्यांचे चेहरे पडायचे. मी टेप गळ्यात घालून टेबलाशी उभी, आणि मशिनं थांबायची ती तिच्यासाठी.

"सांगतं कोण तुला?" मी एकदा विचारलं. आम्ही दोघीच होतो.

"कोण ते दिसत नाही. तुम्ही सांगता ना, तसंच. उंची, छाती, कंबर, त्याच क्रमाने."

"बाईचा आवाज की पुरुषाचा?"

तिने दोरा दातांनी तोडला. "ते नाही सांगता यायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला वर गेल्यावर मी ट्रायल रूममध्ये गेले, पडदा ओढला आणि उभी राहिले. फळ्यांना सुताचा आणि घामाचा वास होता. आरशात मी, गळ्यात टेप. बाहेर इस्त्री थंड होताना टकटक वाजत होती. मी श्वास रोखून ऐकलं. काही नाही. पुन्हा ऐकलं. मग हळूच म्हणाले, "मी एकवीस वर्षं इथे मापं घेतेय."

आपण हे कोणाला सांगतोय, हे लक्षात आलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. ज्यावर आपला विश्वास नाही, त्याचा हेवा कसा वाटेल? मला तर हेवा वाटत होता. पोटात निखारा ठेवल्यासारखा.

३

समोर घड्याळवाल्याचं दुकान आहे. विधुर, पंचावन्नचा, बोलायला गमत्या. मी त्याच्याकडे जाऊन बसायची, कारण आमच्या दुकानात आता मला बसायला जागा राहिली नव्हती. म्हणजे स्टूल होतं, जागा नव्हती.

"एकतीसच्या एकतीस बरोबर?" तो म्हणाला. "मग माना की."

"मानू कसं? उद्याचं बत्तिसावं चुकलं तर?"

"हे मात्र खरं." त्याने डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. "मी घड्याळ दुरुस्त केलं की दुसऱ्या घड्याळाशी लावून बघतो. तुमच्या त्या आवाजाला लावून बघायला दुसरं काय आहे?"

"माझी टेप."

"मग टेप आहे तोवर आवाज हवा कशाला? आणि ज्या दिवशी दोन्ही जुळणार नाहीत, त्या दिवशी कोणाचं ऐकणार?"

तो दिवस आठवड्याभरातच आला. शाळेतल्या गाण्याच्या बाई. अकरा वर्षं त्यांची मापं मी घेत आले, त्यांचं अंग मला माझ्या अंगासारखं पाठ. धाकटी म्हणाली, "कंबर एकोणतीस." मी टेप लावली. एकतीस. पुन्हा लावली. एकतीस. माझ्या पोटातला निखारा असा गार झाला म्हणून सांगू! मी नवऱ्याला बोलावलं, दिराला बोलावलं, मास्तरांच्या चष्म्यापुढे टेप धरली. "एकतीस. बघा. बघून घ्या सगळ्यांनी."

"अहो, माझ्या कंबरेची दवंडी पिटताय की काय," बाई म्हणाल्या.

धाकटीने मान खाली घालून काज पुढे घेतलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मास्तर म्हणाले, "टेपेप्रमाणे काप." मी एकतीसवर खडू मारला आणि कापलं. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

४

गाण्याच्या बाई महिन्याने कपडा न्यायला आल्या. ट्रायल रूममधून बाहेर आल्या तेव्हा कमरेवर कापड मुठीत धरलेलं होतं.

"ढगळ झालंय हो."

मी टेप लावली. एकोणतीस.

"आजारी होता का?"

"छे. जेवण तेवढंच, सगळं तेवढंच. मलाही कळेना."

मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर धाकटीचा चेहरा दिसला असता आणि तो मला बघायचा नव्हता.

पुढच्याच आठवड्यात गॅरेजवाला. धाकटी म्हणाली, "उजवी बाही बावीस." टेपेवर साडेतेवीस, दोन्ही बाह्या सारख्या. कोट लग्नासाठी हवा होता, अजून तीन महिने होते. मी टेपेप्रमाणे कापलं, आणि या वेळी मला झोप लागली नाही. तीन महिन्यांनी तो आला तेव्हा हाताचं प्लॅस्टर नुकतंच निघालं होतं. गाडी जॅकवरून घसरली होती. हाड जुळलं होतं, पण आखूड. बाही तळहातावर लोंबत होती. मी मोजायच्या आधीच मला आकडा माहीत होता.

मास्तरांनी त्या संध्याकाळी सगळ्यांना खाली बोलावलं.

"टेप आज काय आहे ते सांगते," ते म्हणाले. "ही पुढचं सांगते. कपडा माणूस पुढेच घालणार असतो. यापुढे हिच्या मापाने कापायचं."

"आणि तिचं चुकलं तर?" मी विचारलं.

"कधी चुकलंय?"

"मास्तर, आजवर चुकलं नाही म्हणजे..."

"तुझी टेप दोनदा चुकली," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त लागलं.

नवरा जमिनीकडे बघत होता. दुसऱ्या दिवसापासून धाकटी टेबलाशी उभी राहिली आणि मी खिडकीखालच्या स्टुलावर काजं करायला बसले.

स्टुलावर बसलेल्या माणसाला विचार करायला वेळ मिळतो. माझ्या मनात एक गोष्ट घर करून बसली. धाकटीला पुढचं दिसतं, असं सगळे म्हणत होते. पण ती सांगते म्हणून ते तसं होत असेल तर? दोन्हींमध्ये फरक कसा ओळखायचा? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आकडा सांगितला, आकडा खरा ठरला.

हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जळतेस तू तिच्यावर."

"जळते. पण म्हणून माझं म्हणणं खोटं ठरतं का?"

तो कूस बदलून झोपला.

५

घड्याळवाल्याने हिवाळ्यासाठी कोट सांगितला होता. धाकटीने बाही सव्वापंचवीस सांगितली. त्याचे हात सव्वाचोवीसचे, हे कोणीही सांगितलं असतं. पण आता टेप कोण लावणार? कोट तसाच शिवला, आणि तो तळहातापर्यंत बाह्या लोंबवत रस्ता ओलांडून गेला.

"पुढच्या वाढदिवसापर्यंत वाढेन की," मला म्हणाला. "पंचावन्न म्हणजे काय वय आहे?"

दोन महिन्यांनी दुपारी मी त्याच्याकडे गेले. तोच कोट अंगात होता. बाह्या जवळजवळ बरोबर बसत होत्या, मनगटाच्या जरा पुढे, पाव इंच असेल.

"आखूड करून घेतल्या का कोणाकडून?"

"नाही बुवा. हातच लांब झाले." तो हसला. "वरच्या फळीवरचं घड्याळ हल्ली स्टुलाशिवाय निघतं. फायदाच झाला."

त्याने कोपर टेबलावर टेकवलं, एका चिमट्यात बारीक स्क्रू धरला आणि भिंगातून बघू लागला. असं बारीक काम करताना त्याचा हात दगडासारखा स्थिर असतो. भिंतीवरची सगळी घड्याळं चालू होती. माझी नजर त्याच्या कफवर गेली. कफ मनगटाच्या पुढे होता. मग मनगटावर आला. मग मनगटाच्या मागे, जिथे कफ असावा तिथे बरोबर येऊन थांबला.

त्याने हात हलवला नव्हता. चिमट्यातला स्क्रूसुद्धा हलला नव्हता.

"काय झालं?" तो भिंगातून नजर न काढता म्हणाला. "अशा का उठलात?"

मी रस्ता ओलांडून आले आणि स्टुलावर बसले. एकच काज तीनदा घातलं आणि उसवलं. मला त्या वेळी भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण खरं सांगायचं तर भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. एवढं मोठं काहीतरी या घरात आलं आणि त्यानेही तिचीच निवड केली.

६

हे पुढचं मला सांगायचं नाही, पण सांगते.

एका सकाळी मास्तरांनी कपाटातून गडद निळं कापड काढलं. त्यांनी ते कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं. कोणासाठी, ते कधी बोलले नव्हते. मी मात्र मनात ठरवून टाकलं होतं.

"धाकटीला बंद गळ्याचा कोट करायचा," ते म्हणाले. "पुढे उभी राहते, चार लोक बघतात. हा मी शिवणार."

"तुमचे हात मास्तर..." दीर म्हणाला.

"हळूहळू शिवीन."

माझ्यासाठी त्यांनी साधा रुमाल कधी शिवला नव्हता. मला टेप दिली होती, तीही जुनी.

त्यांनी वही उघडली. "हं, सांग तुझं माप."

धाकटी गोंधळली. "माझं मला ऐकू येत नाही."

"मला येतंय," मी म्हणाले.

दोन्ही मशिनं थांबली. किती महिन्यांनी थांबली ती माझ्यासाठी! नवऱ्याचा पाय पायडलवर तसाच राहिला. मी स्टुलावरून उठले नाही. धाकटी बघायची तसंच ट्रायल रूमकडे बघितलं आणि सांगायला सुरुवात केली. "उंची पंचवीस. छाती चौतीस. कंबर अठ्ठावीस." हे सगळं खरं होतं. एकवीस वर्षांची नजर होती माझी, तिला टेप लागत नव्हती. "सीट सदतीस. खांदा पंधरा. बाही बावीस."

मास्तर लिहीत होते. धाकटी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत तेच होतं जे माझ्या पोटात होतं. ते मी चटकन ओळखलं आणि मला फार बरं वाटलं.

"गळा," मी म्हणाले.

तिचा गळा साडेबारा. मी साडेबाराच म्हणणार होते. तोंडातून अकरा गेलं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. पण ते गेलं नाही. मी पाठवलं.

"अकरा."

धाकटीचा हात गळ्याकडे गेला. "घट्ट होईल ताई."

"ऐकू आलं ते सांगितलं," मी म्हणाले.

मास्तरांनी लिहिलं. अकरा.

७

कोट तयार व्हायला पाच आठवडे लागले. पहिल्या ट्रायलला गळ्याचा हुक पलीकडच्या कडीपासून दीड इंच लांब राहिला. धाकटी हसली, मीही हसले. मास्तर म्हणाले, "थांबू. बसेल."

पुढच्या ट्रायलला एक इंच. त्याच्या पुढच्या ट्रायलला पाऊण.

ती जेवायला वेळ लावू लागली. घास तोंडात बराच वेळ घोळवायची, पाण्याबरोबर उतरवायची. आवाज बारीक झाला. मास्तरांना तिचे आकडे ऐकू येईनात, दीर मध्ये उभा राहून मोठ्याने सांगायचा. डॉक्टरने टॉर्च मारून बघितलं, फोटो काढले, मान दाबून बघितली. गाठ नाही, सूज नाही. "तुमच्या अंगाचीच ठेवण बारीक आहे," तो म्हणाला. त्याने तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

मी तिला एकटीला गाठून टेप लावायची. "बघू जरा, कोटासाठी." सव्वाबारा. बारा. पावणेबारा.

दुपारी सगळे वर गेले की मी ट्रायल रूममध्ये जायची, पडदा ओढायची आणि आरशाला सांगायची, "धाकटीचा गळा साडेबारा. साडेबारा." वीस वेळा, पन्नास वेळा. संध्याकाळी टेप लावायची. साडेअकरा.

मग मला कळलं. त्या दिवशी मी खोटं बोलत होते, पण चार माणसांनी ते खरं मानलं होतं. आता मी खरं बोलत होते आणि ऐकायला कोणी नव्हतं. साडेबारा हा आकडा मला सगळ्यांपुढे, मास्तर वही उघडून बसलेले असताना सांगायला हवा होता. म्हणजे आधीचा अकरा खोटा होता, हे सांगायला हवं होतं.

मी ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं.

८

एका दुपारी मागच्या मोरीपाशी ती हात धूत होती. निळा कोट तयार झाला होता आणि अंगात होता. तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मी तिच्या ओठांपाशी कान नेला, एवढंच ऐकू येत होतं.

"ताई, मला कधीच काही ऐकू आलं नाही."

नळ चालू होता. मी तो बंद केला.

"वकिलांची मापं मी जुन्या वहीत बघून ठेवली होती. खांद्याचंही तिथंच लिहिलेलं होतं. तुम्ही टेप लावायच्या आत म्हणायचं, एवढीच गंमत करायची होती. दुसऱ्या दिवशी नवीन माणूस आला. त्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं. मनाला येईल ते बोलले. टेपेवर तेच आलं."

"तेव्हाच का नाही थांबलीस?"

"तुम्ही थांबला असतात?"

मी नळाची तोटी उगाच आणखी घट्ट केली.

"तुम्ही 'छाती' म्हणालात की सगळं दुकान गप्प व्हायचं," ती म्हणाली. मध्येच श्वास घ्यायला थांबत होती. "चार वर्षं मी बघत होते. माझ्यासाठी कधी कोणी पायडलवरचा पायसुद्धा उचलला नाही. मग मी मुद्दाम चुकीचं सांगून बघितलं, गाण्याच्या बाईंचं. म्हटलं, बघू या तरी. पाव अर्धा इंच असेल तर तिथल्या तिथे व्हायचं. जास्त असेल तर वेळ लागायचा. गॅरेजवाल्याचं मला माहीत नव्हतं ताई, असं होईल म्हणून. खरंच नव्हतं."

एकतीस माणसं, माझी वही, डावीकडे तिचं आणि उजवीकडे माझं. मला वाटत होतं मी टेपेने तिला तपासतेय. टेप तिचंच ऐकत होती. मग त्याआधीच्या एकवीस वर्षांत मी मोठ्याने जे आकडे सांगितले, ते लोकांच्या अंगावर होते म्हणून सांगितले, की मी सांगितले म्हणून?

धाकटीने माझा हात धरला. तिची बोटं ओली होती.

"तुमचं तरी खरं होतं ना?" ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं होतं ना? की माझ्यासारखंच..."

नाही म्हटलं असतं तर तिचा गळा माझ्या हातात होता, हे कबूल करावं लागलं असतं. पण मला तेवढ्यानेच अडवलं असं नाही. तिने कबूल केलं त्या क्षणी, या दुकानात ऐकू येणारी अशी मी एकटीच उरले होते. ते मला आवडलं. त्या मोरीपाशी, तिची ती अवस्था समोर दिसत असताना, मला ते आवडलं.

"हो," मी म्हणाले. "ऐकू आलं होतं."

तिचा चेहरा सैल झाला. मला वाटलं होतं ती रडेल. तिने दोन्ही हात वर नेले आणि कोटाचा हुक कडीत अडकवला. हलकेच बसला. गळा आणि कॉलर यांच्यात दोन बोटं जातील एवढी जागा राहिली, जशी बंद गळ्याला ठेवतात.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "खरंच असेल तर त्याला कोण काय करणार?"

९

ती जगली. गळा अकरावर थांबला, त्याखाली गेला नाही. पण माप सांगणं बंद झालं, कारण आवाजच उरला नाही. दिराला दुसऱ्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालं आणि दोघं गेली. मास्तरांनी वही मिटली आणि टेप पुन्हा माझ्या पुढे टेबलावर ठेवली. गळ्यात घातली नाही.

मला सगळं परत मिळालं. टेबल, खडू, गिऱ्हाइकं. फक्त मी आता मोठ्याने काही सांगत नाही. मोजते आणि स्वतःच लिहिते. "किती भरली हो कंबर?" असं कोणी विचारलं तर म्हणते, "कपडा बसेल तुम्हाला."

एकच गोष्ट राहिली. जायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. धाकटी सगळ्यांना भेटून शेवटी माझ्याकडे आली, मला मिठी मारली आणि माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी म्हणाली. लांबलचक नव्हतं. दोन शब्द, फार तर तीन. कानाला नुसती वाफ लागली. मी "काय?" म्हणेपर्यंत ती गाडीत बसली होती.

"सांभाळा" म्हणाली असेल. "येते ताई" म्हणाली असेल. हे मी मनाला पुष्कळ सांगितलं. पण शब्द ऐकू आले नाहीत तरी ते बोलताना तिचा श्वास कुठे तुटला ते मला कळलं होतं. आधी एक शब्द, मग जरासं थांबणं, मग दुसरा. एकवीस वर्षं मी मापं अशीच सांगत आले होते.

तेव्हापासून रोज सकाळी दार लावून मी स्वतःला मोजते. उंची, छाती, कंबर, सगळं. बोटंसुद्धा मोजते. अजून तरी सगळं होतं तसंच आहे. पण कुठे बघायचं तेच माहीत नसेल तर किती ठिकाणी बघणार? आणि टेपेवर आता माझा विश्वास तरी कुठे आहे?

परवा राहवलं नाही. भर दुपारी फोन केला. दिराने उचलला. इकडचं तिकडचं बोललो. मग मी म्हणाले, "तिला विचारा ना जरा, निघताना माझ्या कानात काय म्हणाली होती. मला नीट ऐकू आलं नाही."

त्याने फोन बाजूला धरला. मागे कारखान्याच्या वसाहतीतले आवाज येत होते, कुठेतरी बादली भरत होती. तो तिला विचारत होता. मग बराच वेळ काही नाही. ती सांगत असणार, आणि तो कान नेऊन ऐकत असणार.

तो परत आला तेव्हा हसत होता. भोळा आहे बिचारा.

"काय वहिनी, चेष्टा करता का?" तो म्हणाला. "ती म्हणतेय, ताईंना ऐकू आलं असणारच. ताईंना ऐकू येतं."